मोडी वाचता येतं, माणसं ओळखता येत नाहीत

बोरूबहाद्दर

मंडळी, धाग्याचं निमित्त गेल्या रविवारचं. वाईला भाचीचं लग्न होतं. वरपक्षाने हौसेने फेटे बांधणारा बसवला होता, त्यामुळे झाडून सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर एकाच केशरी रंगाचा फेटा. मी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा. समोरून एक गृहस्थ आले, माझं मनगट धरलं आणि आपल्याकडची ती सुप्रसिद्ध तोंडी परीक्षा सुरू केली, "काय, ओळखलंत का?"

या परीक्षेचे माझे डाव ठरलेले आहेत. आधी "अहो म्हणजे काय! कधी आलात?" उत्तरात गाव आलं की गावावरून नातं लागतं. "रात्रीच आलो," म्हणाले. डाव फुकट. मग "बाकी घरचं?" त्यावर ते हसून म्हणाले, "तुमचीच मेव्हणी, तुम्हाला ठाऊक नाही होय?" तोवर आवाज पुरेसा कानात शिरला होता आणि मला घाम फुटला. माझा सख्खा साडू! तीस वर्षांचं नातं, दर दिवाळीला एका पंगतीत जेवतो. फरक एवढाच की त्यांनी मिशी काढली होती आणि टक्कल फेट्याखाली गेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं माझी ओळख होती ती त्यांच्या मिशीशी आणि टकलाशी.

ही काही पहिली वेळ नाही. स्वारगेटला मुलाला घ्यायला गेलो, तर तो समोर येऊन उभा राहिला आणि मी त्याच्या खांद्यावरून मागे बघत होतो. पोराने केस बारीक करून घेतले होते. मालिकेत दोन लांब केसांच्या नायिका असल्या की मला कथा कळत नाही. शाळेच्या गटफोटोत मी स्वतःला "दुसरी रांग, डावीकडून चौथा" असा शोधतो.

आता याच लग्नातली दुसरी गोष्ट. संध्याकाळी वधूच्या चुलत्यांनी मोबाइलवर एका खरेदीखताचा फोटो दाखवला. १८९४ सालचं, मोडीतलं, कारकुनाचं अक्षर गिचमिड. ज्यांना मोडीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो : आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग हात शक्यतो न उचलता त्यांना अक्षरं टांगत जायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका कारकुनाचा 'स' दुसऱ्याच्या 'स'सारखा दिसेलच असं नाही. तरी मी तो कागद चहा निवायच्या आत वाचून दिला. वर हेही सांगितलं की शेवटच्या दोन ओळी वेगळ्या हाताच्या आहेत.

मग प्रश्न असा की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या कारकुनाचा हात ओळखणाऱ्या डोळ्यांना जिवंत साडू का ओळखू येऊ नये? बायकोचा निकाल तयार आहे : "मोडीने तुमच्या डोक्यातली माणसांची जागा खाल्ली." हे खरंच शक्य आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ

साडूला न ओळखणं ही कला आहे काका. क्लास घ्या, मी पहिला विद्यार्थी.

मज्जारज्जू

बोरूकाका, मी मेंदूविकार विभागात शिकतेय. इथे निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते फार ओळखीचं वाटलं. याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात, मराठीत चेहरांधत्व म्हणू. हा शब्द जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये वापरला. मेंदूला मार लागलेले सैनिक त्यांनी तपासले होते. डोळा, भुवई, नाक, सगळं त्या सैनिकांना नीट दिसे, पण ते कोणाचं हे कळत नसे. मार न लागताही काही जण जन्मापासून असेच असतात. शंभरात दोन-तीन, असा अंदाज दिला जातो. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स स्वतः त्यातले होते, चिंपांझींवर आयुष्य घालवलेल्या जेन गुडॉलही. आणि माणसांचे भिंतीएवढे चेहरे रंगवणारा अमेरिकन चित्रकार चक क्लोज, तोही!

फेट्याचा मुद्दा अगदी नेमका आहे. ज्यांना चेहरा लागत नाही ते केसांची ठेवण, चाल, चष्मा, आवाज यांवर घर चालवतात. म्हणून चेहरे ओळखण्याच्या केंब्रिज चाचणीत फोटोतले केस कापूनच टाकलेले असतात. तुमच्या वरपक्षाने नकळत तुमची तीच परीक्षा घेतली, तीही शे-दीडशे जणांची एकदम.

आता तुमचा उलटा भाऊ दाखवते. १८८७ मध्ये पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थाला अचानक वाचता येईना. नजर ठीक, बोलणं ठीक, माणसं आणि वस्तू ओळखू येत. लिहायला सांगितलं तर लिहीतही, पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नसे! अक्षराच्या कडेवरून हात फिरवला की मात्र अक्षर सांगता येई. जूल देझरीन या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि १८९२ मध्ये ते गेल्यावर मेंदूही पाहिला. इजा डाव्या बाजूला, मागे होती. म्हणजे एकाची अक्षरं जातात आणि चेहरे राहतात, दुसऱ्याचे चेहरे नसतात आणि अक्षरं उत्तम. 'ओळखणं' या एका क्रियापदाखाली आपण बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात.

जागांचं म्हणाल तर १९९७ मध्ये नॅन्सी कॅन्विशर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या तळाशी एक पट्टा दाखवला. चेहरा दिसला की तो जास्त चेततो, उजवीकडे विशेष. अक्षरांसाठीचा तसाच ठिपका डावीकडे, साधारण त्याच उंचीवर आहे. तो लोरां कोएन आणि स्तानिस्लास दहेन यांनी २००० च्या सुमारास नेमका केला.

शंकासुर

सगळ्याला मेंदूतला ठिपका दाखवायची फॅशन आली आहे. काकांचं साधं आहे : लग्नात लक्ष जेवणाकडे, साडूकडे नाही. आमच्या घरी ह्यांना मी केस कापून आले तरी कळत नाही, मग ह्यांनाही आजार म्हणायचा का?

बोरूबहाद्दर

शंकासुरताई, तुमच्या ह्यांचा आणि माझा प्रश्न बरोबर उलटा आहे. तुम्ही केस कापलेत तर मला *फक्त* तेच कळेल, आणि मग तुम्ही कोण ते कळणार नाही.

घाटमाथा

माझे आजोबा धनगर. दीडशे-दोनशे मेंढरं. कळपातलं एक मेंढरू कमी असलं तर मोजायच्या आधी सांगायचे, "ती चांदी न्हाई आली." आम्हाला सगळ्या सारख्याच दिसायच्या. विचारलं की म्हणायचे, "तोंडावरनं." एवढंच. खुणा सांगा म्हटलं तर सांगता यायच्या नाहीत, उलट चिडायचे. "तुज्या आईला कशावरनं वळखतोस?" यावर काय बोलणार!

म्हणून मज्जारज्जूताईंना प्रश्न : मेंदूतली ती जागा माणसाच्याच चेहऱ्याची, की ज्याची सवय होईल त्याची?

मज्जारज्जू

घाटमाथा, यावर पंचवीस-तीस वर्षं भांडण चालू आहे आणि तुमचे आजोबा त्यात साक्षीदार म्हणून शोभले असते. एक पक्ष म्हणतो, जागा चेहऱ्याचीच. दुसरा म्हणतो, ही तज्ज्ञपणाची जागा आहे. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत बारीक फरक करायची सवय लागली की तीच वापरली जाते. इझाबेल गॉतिए यांनी 'ग्रीबल' नावाचे काल्पनिक बाहुले बनवून लोकांना ते वेगवेगळे ओळखायला शिकवले. पुढे पक्षी आणि गाड्या यांच्या जाणकारांवरही प्रयोग केले. त्या पट्ट्याने सवयीच्या वस्तूंनाही दाद दिली.

पण १९९३ मध्ये ब्रिटनमधली एक केस छापून आली. मेंदूला इजा होऊन चेहरे गमावलेला माणूस. त्यानंतर त्याने मेंढ्या पाळल्या आणि त्यांची तोंडं ओळखायला शिकला! माणसं नाहीत ती नाहीतच. सगळा सवयीचाच खेळ असता तर असं व्हायला नको होतं.

याच्या उलट कॅनडातला एक रुग्ण आहे, १९९७ मध्ये मॉस्कोविच आणि मंडळींनी त्याच्यावर लिहिलं. त्याला वस्तू ओळखू येत नसत, वाचताही येत नसे, पण चेहरे पक्के. आर्चिंबोल्दो नावाचा सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार फळं-भाज्या रचून माणसाचं तोंड काढायचा. ते चित्र दाखवलं तर या गृहस्थाला तोंड दिसे, भाज्या दिसत नसत. माझं मत विचाराल तर मी पहिल्या पक्षाकडे झुकते, पण आमचे सर नाहीत.

निळी_शाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अक्षरांच्या बाजूने माझी भर.

आपण 'छत्तीसचा आकडा' म्हणतो, का? तर ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसलेत. थोडक्यात, एकाला आरशात धरलं की जवळजवळ दुसरा. आणि पहिलीत दरवर्षी पाच-सात मुलं तीनच्या जागी सहा काढतात, अगदी हुशार मुलंसुद्धा. पूर्वी मी याला धांदरटपणा समजायचे. मग दहेन यांचं म्हणणं वाचलं आणि त्या लेकरांची मनातल्या मनात माफी मागितली. डोळ्याला मुळात डावं-उजवं एकच मानायची सवय असते. कप घ्या, दांडी डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. वाघ डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय. अक्षरं ही पहिलीच गोष्ट, जिथे आपण मुलाला सांगतो की बाळा, तोंड फिरवलं की वस्तू बदलते. म्हणजे आमचं अर्धं काम शिकवायचं आणि अर्धं विसरायला लावायचं!

दुसरी गंमत पहिल्या वेलांटीची. 'कि' बोलताना आधी क, लिहिताना आधी वेलांटी. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, ती आधी क काढते, मग पेन्सिल मागे नेऊन डावीकडे वेलांटी अडकवते. जागा पुरली नाही तर वेलांटी मागच्या अक्षरावर चढते. 'पाणी पिते' लिहिताना परवा तिची वेलांटी थेट 'णी'च्या डोक्यावर जाऊन बसली. वाचायला लावलं तर बरोबर वाचते. चूक तिला दिसतच नाही, कारण ती शब्द वाचते, मी खडू घेऊन अक्षर बघते.

टेक्सासचा_तुका

इथे येऊन पहिलं वर्षभर ऑफिसातले तीन गोरे सहकारी मला एकच वाटायचे. तिघेही उंच, तिघांच्याही दाढ्या. एकाला दुसऱ्याच्या बायकोच्या तब्येतीबद्दल विचारून बसलो होतो. मोठा अपराध्यासारखं वाटायचं, पण नंतर टीममधला एकजण मला आणि आमच्या तेलुगू मित्राला सहा महिने आलटून-पालटून हाक मारत होता, तेव्हा फिट्टंफाट झाली.

यावर १९६९ पासूनचे प्रयोग आहेत. ज्या प्रकारच्या चेहऱ्यांत आपण वाढतो तेच आपल्याला नीट वेगळे करता येतात. २००२ मधला एक तर भारी आहे : सहा महिन्यांच्या बाळांना दोन माकडांच्या तोंडांतला फरक कळतो, नऊ महिन्यांच्या बाळांना आणि आपल्याला नाही. घोडं मोठं होतं तसं अडाणी होतं!

शंकासुर

तुका यांचा मुद्दा पटला, म्हणजे सवयच. आणि एक सांगा, ओळखीच्या-बिनओळखीच्या चेहऱ्यात काही फरक करणार की नाही? मला स्वतःला सोसायटीतला नवीन वॉचमन दोन आठवडे लागत नाही.

मज्जारज्जू

शंकासुरताई, हा प्रश्न फार चांगला काढलात. अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत आपण सगळेच कच्चे आहोत, फक्त तसं वाटत नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये विकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक स्वच्छ फोटो दिला आणि म्हटलं, खालच्या दहांतला हाच माणूस शोधा. फोटो एकाच दिवशीचे, समोर ठेवलेले, आठवायचं काही नाही, घाईही नाही. तरी साधारण दहातली तीन उत्तरं चुकली. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहणाऱ्यांवर आपला किती भरवसा असतो, बघा.

ओळखीचा चेहरा मात्र आपण कुठल्याही उजेडात, धुरकट फोटोतही पकडतो, डोळे-नाक-तोंड या आतल्या भागावरून. काकांची अडचण तिथे आहे. तीस वर्षांच्या साडूचा चेहराही त्यांच्याकडे वॉचमनच्याच खात्यात जमा आहे.

आणि हे लक्ष देण्यावर नाही, याची घरी करायची चाचणी. कुठलाही चेहऱ्याचा फोटो घ्या, त्यातले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवा आणि अख्खा फोटो उलटा धरा. ठीकठाक दिसेल. आता सरळ करा. दचकाल. यॉर्कच्या पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवर हे करून दाखवलं. आपण चेहरा सुटा-सुटा वाचत नाही, एका घासात घेतो. उलटा धरला की तो घास जमत नाही.

चहाटळ

केलं. सासूबाईंच्या फोटोवर केलं. आता मला घरात जेवण नाही, धाग्यावर कुणाकडे डबा मिळेल का?

सातारी_कंदी

माझी आई बरोबर उलट टोकाची. चाळीस वर्षांपूर्वीच्या एसटी कंडक्टरला परवा दवाखान्यात ओळखलं, "तुम्ही महाबळेश्वर गाडीवर होतात ना?" तो बिचारा घाबरला. अशांना काही नाव आहे का?

मज्जारज्जू

आहे, सुपर-रेकग्नायझर. २००९ पासून रीतसर अभ्यास आहे. लंडनच्या पोलिसांनी सीसीटीव्हीतले चेहरे ओळखायला अशी माणसं मुद्दाम कामाला लावली. काकूंना दंडवत सांगा.

आता मोडीने जागा खाल्ली का, हा काकांच्या सौंचा मूळ प्रश्न. तो वाटतो तितका गमतीचा नाही. २०१० मध्ये दहेन यांच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधले साक्षर, निरक्षर आणि मोठेपणी वाचायला शिकलेले लोक तपासले. वाचणाऱ्यांच्या डावीकडच्या अक्षरांच्या ठिपक्यात चेहऱ्यांना मिळणारी दाद किंचित कमी निघाली. म्हणजे सौंचा संशय शास्त्रज्ञांनाही आला होता! पण नंतर लखनौजवळच्या खेड्यांत देवनागरी वाचणारे आणि न वाचणारे प्रौढ तपासले गेले. २०१९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात अक्षरांनी चेहऱ्यांचं काही हिरावून घेतलेलं दिसलं नाही. अक्षरं शेजारी येऊन राहतात, कोणाला घराबाहेर काढत नाहीत, असं सध्या मला दिसतं. आणि काका, तुम्ही मोडी कधी शिकलात?

बोरूबहाद्दर

मोडी शिकलो एकतिसाव्या वर्षी. आणि माणसं न ओळखणं... आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. चौथीत असताना वडील ऑफिसातून पावसात आले, डोक्यावर इरलं होतं. मी दार उघडून म्हटलं, "बाबा घरी नाहीत, नंतर या." घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. तेव्हा मोडी नव्हती. सौंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग तेव्हापासूनच."

मोडीबद्दल मात्र एक कबुली देतो. मी अक्षरं ओळखतो असं मला वाटतं ते अर्धसत्य आहे. खत म्हटलं की मायना ठरलेला, चतुःसीमा येणार, साक्षी येणार. पुढे काय येणार ते डोळ्याच्या आधी डोक्याला माहीत असतं, अक्षर फक्त होकार देतं. ज्या कागदाचा विषयच कळत नाही तिथे मीही अडखळतो.

घाटमाथा

आणि म्हणूनच फसगतही होते ना? 'ध'चा 'मा' आख्यायिका असेल, पण ती दोनशे वर्षं टिकली ती एका अक्षराने एवढं होऊ शकतं हे लोकांना पटतं म्हणून. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत मात्रा नसल्याने "काकाजी अजमेर गये"चं "काकाजी आज मर गये" झाल्याचा विनोद हिंदीत आहेच.

सातारी_कंदी

काका, विषय निघालाच आहे तर एक काम. आमच्याकडच्या जुन्या मोडी कागदाचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. पाचव्या ओळीत मला "पंढरी" लागतंय. आम्ही वारकरी घराणं, पणजोबांनी पंढरपूरला जमीन दिली होती असं आजी सांगायची. तेच असेल का?

बोरूबहाद्दर

पाहिला. 'प'च्या पुढे काना आहे, शाई उडाल्याने फिकट दिसतोय, फोटो मोठा करून बघा. शब्द "पांढरी" आहे. त्याच्या आधीचे, तुम्ही सोडून दिलेले, दोन शब्द वाचा : "काळी व". काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पंढरपूरचा या कागदात कुठे उल्लेख नाही. खाली तीन साक्षीदार आहेत, तिघांची नावं टंकून उद्या पाठवतो.